काविळीने दाखवलेली वाट

कोर्टिसोन हे संधिवातावर वापरले गेलेले पहिले स्टिरॉइड. त्यामागे अमेरिकेतील डॉ. फिलिप हेन्च यांचे सुमारे वीस वर्षांचे निरीक्षण आहे. १८९६ साली पिट्सबर्ग येथे जन्मलेले हेन्च मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताचे रुग्ण तपासत. १९२९ मध्ये एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी अचानक कमी झाली. गरोदर स्त्रियांनाही असाच आराम पडतो, हेही त्यांनी टिपले. हा आजार कधीच मागे फिरत नाही, असे तेव्हा मानले जाई. शरीरातच त्याला आवरणारा एखादा पदार्थ असावा, असा तर्क हेन्च यांनी केला.

त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील संप्रेरके वेगळी करत होते. त्यांपैकी एक संप्रेरक सप्टेंबर १९४८ मध्ये हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला टोचले. आठवडाभरात ती चालू-फिरू लागली. तेच कोर्टिसोन. १९५० मध्ये हेन्च, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आमवातात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. कोर्टिसोन हा हल्ला थोपवते, मूळ आजार मात्र बरा करत नाही. औषध थांबवले की दुखणे परतते आणि जास्त दिवस घेतले तर चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हे लवकरच दिसून आले. हेन्चही सावधगिरीचाच आग्रह धरत. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सिरोंच्यासारख्या दूरच्या तालुक्यात ही सावधगिरी अधिकच हवी. सांधेदुखीवर कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. त्यामुळे दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. आपल्या भागात सांधेदुखीमागे सिकलसेलही असू शकतो, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. शरीराची स्वतःची संप्रेरक-निर्मिती मंदावलेली असते. उरलेली पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात या. डोस हळूहळू कमी करता येतो आणि आमवातावर आता सांधे वाचवणारी वेगळी औषधेही आहेत.