सावित्रीबाई फुले आणि पुण्यातील प्लेग

सावित्रीबाईंचे नाव घेतले की १८४८ सालची भिडेवाड्यातील मुलींची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. आम्ही स्वतः शिक्षक. आम्हांस ते स्वाभाविकच वाटते. परंतु ह्या थोर स्त्रीच्या आयुष्याचे अखेरचे पर्व शाळेचे नसून साथीचे आहे, आणि आमच्या मते त्याची थोरवी तिळमात्र उणी नाही.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. जोतीरावांच्या प्रत्येक कार्यात त्यांचा वाटा होता. १८६८ साली ह्या दांपत्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. स्वच्छ पाण्यावाचून रोग हटत नाही, आणि पाण्यावर तर जातीचा पहारा होता!

१८९० साली जोतीराव निवर्तले. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, प्रकट झाला व लवकरच पुण्यास पोहोचला. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसांस देतात, ही गोष्ट सिमाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखविली. पण घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, एवढे लोक अनुभवाने ओळखीत. सोडून जावे कोठे, हाच प्रश्न होता. ज्याच्या गाठीस चार पैसे, तो गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहू शके. हातावर पोट असणारा मजूर मात्र त्याच कोंदट खोलीत, त्याच मातीच्या जमिनीवर अंग टाकी. एक दिवस कामास खाडा पडला तर चूल पेटत नसे. पिसू जात पाहत नाही हे खरे. पण कोणी कोठे निजावे हे जात आणि पैसा ह्यांनीच ठरविले होते.

सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. त्यांस बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, मोकळ्या हवेत, दवाखाना उघडण्यात आला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रोगी आणवीत व त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच त्यांनी त्यास आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणिले. ज्या मुलाचा स्पर्श गावास चालत नव्हता, तो ऐन तापात त्यांच्या पाठीवर होता.

मुलगा वाचला. ह्याच सेवेत सावित्रीबाईंस लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. यशवंतरावही पुढे १९०५ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतांच त्याच रोगाने गेले.