विश्लेषण : जंतू सापडला, पण औषध नव्हते! मुंबईच्या तापाचा माग काढणारे डॉ. कार्टर कोण होते?

‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ हे पुस्तक वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मात्र पडद्याआडच राहिले. चित्रकाराच्या घरात १८३१ मध्ये जन्मलेल्या कार्टर यांना या कामाचे एकरकमी दीडशे पौंड मिळाले. खपावरचे मानधन ग्रे यांना. पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८५८ मध्ये, कार्टर मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणे, जे.जे. रुग्णालयात रुग्णसेवा आणि मग सुमारे नऊ वर्षे साताऱ्यात सिव्हिल सर्जन, असा त्यांचा प्रवास झाला.

१८७७ मध्ये काय घडले?

दख्खनच्या दुष्काळाने उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि पाठोपाठ एक विचित्र ताप. पाच-सात दिवस फणफणायचा, घाम येऊन उतरायचा, आठवडाभराने पुन्हा उलटायचा. कार्टर यांनी रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले, पण ताप असतानाच. उतरला की ते दिसेनासे होत. माकडांमध्ये हा ताप उतरवून त्यांनी खात्री करून घेतली. या तापाने त्यांनाही गाठले. १८८२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. उपचार म्हणजे अन्न, विश्रांती आणि शुश्रूषा. जंतू मारणारे औषध हाती नव्हते.

हा ताप पसरवते कोण?

हे कार्टर यांना कळले नाही. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. १९०७ मध्ये नाशिकच्या एका मिशन वसाहतीत मुलांमध्ये साथ आली, तेव्हा डॉ. पर्सी मॅकी यांनी उवांकडे बोट दाखवले. (हेच मॅकी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले.) या तापाचा दुसरा प्रकार गोचिडीमुळे होतो, हे त्याआधीच आफ्रिकेत सिद्ध झाले होते. जंतूचे घराणे एकच, बोरेलिया. त्यातल्या एका जातीला कार्टर यांचे नाव मिळाले.

आज मुलांवर उपचार काय?

उवांच्या तापाला बहुधा प्रतिजैविकाची एक मात्रा पुरते. गोचिडीच्या तापाला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. लहान मुलांना एरिथ्रोमायसिन देता येते. टेट्रासायक्लिनने दात डागाळतात म्हणून आठ वर्षांखालील मुलांना त्याच गटातील डॉक्सिसायक्लिनही टाळत. पण त्याच्या अल्प मुदतीच्या उपचाराने तसे होत नसल्याचे आढळले आहे. गोचिडीमुळेच होणाऱ्या, पण वेगळ्या जंतूच्या टिक टायफसवर तर लहानग्यांनाही तेच पहिल्या पसंतीचे औषध.

बोरेलियाच्या तापात पहिल्या मात्रेनंतर जंतू एकदम मरतात आणि काही तासांत हुडहुडी भरून ताप उसळतो, रक्तदाबही घसरू शकतो. म्हणून ती मात्रा डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची. आणि रक्ताचा नमुना घ्यायचा तो अजूनही ताप चढलेला असताना, औषध सुरू करण्याआधी.