तबल्याचे उस्ताद अहमदजान थिरकवाँ



अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते आणि ढोल-ताशाचा आवाज लांबवर ऐकू येतो. रविवारी आपल्या मिस्सात गायनमंडळाबरोबर तबला वाजतो, तो मात्र कान देऊन ऐकावा लागतो. या तबल्याला ज्यांनी मोठा मान मिळवून दिला, त्यांच्यापैकी एका उस्तादाची आज ओळख करून घेऊ. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ मराठी माणसांत गेला.

अहमदजान यांचा जन्म १८९२च्या सुमारास उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे झाला. घराणे वादकांचे होते. लहानपणी ते गाणे आणि सारंगी शिकले, पण ओढ तबल्याची. साधारण बाराव्या वर्षी ते मुंबईचे नामांकित उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. गुरूंचे वडील काले खाँ यांनी या मुलाची बोटे तबल्यावर थिरकताना पाहिली आणि त्याला थिरकवाँ म्हटले, असे सांगतात. पुढे हेच नाव जगाने उचलले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईच्या खेतवाडीतील एका थिएटरात त्यांचे पहिले जाहीर वादन झाले.

त्या काळी ढाल-पदके मिळणाऱ्या स्पर्धा नव्हत्या, तरी मैफल हीच स्पर्धा असे. गवई कठीण ताना घेई, तबलजी त्याला अडचणीत टाकी, आणि दोघे तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, बरोबर येतात की नाही याकडे जाणकारांचे कान लागलेले असत. जो चुकला त्याची चर्चा गावभर. अशा वातावरणात तयार झालेला वादक आपले सगळे कसब दाखवायला उतावीळ असणारच. थिरकवाँ खाँसाहेबांजवळ तर दिल्ली, अजराडा, फरुखाबाद अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या रचनांचा भरगच्च साठा होता.

आणि हा माणूस नाटक कंपनीत गेला! बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली होती, तिच्यात खाँसाहेबांनी बरीच वर्षे तबला वाजवला. शास्त्रीय संगीतातील पुष्कळ लोकांना नाटकातली साथ कमी दर्जाची वाटे. 'स्वयंवर', 'एकच प्याला' अशा नाटकांतील पदे बालगंधर्व गात, प्रेक्षक वन्समोअर देत, एकेक पद लांबत जाई. तिथे तबलजीचे काम एकच, ठेका धरून ठेवायचा. गाणाऱ्याचा शब्द झाकायचा नाही, आणि दोन ओळींच्या मध्ये जागा मिळाली की एखादा छोटासा तुकडा वाजवून पुन्हा ठेक्यावर यायचे. ज्याची बोटे विजेसारखी पळतात त्याने ती आवरून धरणे सोपे नाही. (आपल्या गायनमंडळातील तबलजी मुलांनी इथे जरा थांबावे. नाताळच्या मिस्सात गीताचे शब्द ऐकू येईनासे झाले होते, ते आठवत असेलच!) बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर खाँसाहेबांची ही साथ आजही ऐकायला मिळते. ठेका साधाच, पण त्याच्या आधारावर गाणे निवांत बसलेले असते.

कंपनी सुटल्यावर १९३६च्या सुमारास ते रामपूरच्या नवाबांच्या दरबारी गेले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, दरबार संपले, अनेक कलावंत उघड्यावर पडले. खाँसाहेब लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. ते महाविद्यालय आपल्या मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली सुरू केलेले.

घराण्याची विद्या घराबाहेर द्यायला जुने उस्ताद नाखूश असत. चांगल्या रचना जावयाला हुंडा म्हणून दिल्याच्या कथा तबल्याच्या जगात आहेत. खाँसाहेब मात्र जातपात न पाहता शिकवत. पुण्याचे लालजी गोखले आणि मुंबईचे निखिल घोष हे त्यांचे शिष्य. शिकवण्याची जुनी रीत अशी, की आधी बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची, आणि ते तोंडात बसले की मगच बोटांवर आणायचे. पेशकार, कायदा, रेला या क्रमाने एकट्या तबल्याची मैफल रंगू शकते, हे त्यांनी देशभर दाखवून दिले. साथीला बसणारा माणूस व्यासपीठाच्या मधोमध आला. भारत सरकारने १९७० साली त्यांना पद्मभूषण दिले. तबलावादकाला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

उतारवयात ते मुंबईतही शिकवायला येत, पण जीव लखनौत गुंतलेला. शेवटचा श्वास लखनौतच घ्यावा अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. १३ जानेवारी १९७६ रोजी, मुंबईची गाडी पकडण्यासाठी स्टेशनकडे निघालेले असताना, लखनौतच त्यांचे निधन झाले.