बॅटरीशिवाय चमकणारा ठिपका आणि होमी भाभा

मोबाईलवर गेम खेळताना गनला कुठला साईट लावायचा यावर आपण किती वाद घालतो! खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीतही हा प्रश्न असतोच, आणि अंधारात तो जास्त अवघड होतो.

पिस्तुलाच्या वर, पुढच्या टोकाला एक छोटी खुंटी असते. मागे खाच असलेली पट्टी असते. खाचेच्या मधोमध खुंटी दिसली की नेम जुळला. दिवसा हे सोपं आहे. पण जव्हार तालुक्यातल्या वावरसारख्या गावात अमावास्येच्या रात्री उभे राहा. खुंटी काळी, खाच काळी, समोरचा डोंगरही काळा. अशा वेळी कामाला येतो तो नाईट साईट, म्हणजे त्याच जागी बसवलेले चमकणारे ठिपके. बहुतेक वेळा पुढे एक आणि मागे दोन.

हे ठिपके मुख्यतः तीन प्रकारे चमकतात. पहिला प्रकार घड्याळाच्या काट्यांवर असतो तशा रंगाचा. आधी टॉर्चचा उजेड पाजायचा, मग तो काही वेळ चमकतो आणि हळूहळू मंद होतो. दुसरा बॅटरीवर चालणारा रेड डॉट. तिसरा ट्रिटियमचा. यात काचेच्या बारीक नळीत ट्रिटियम वायू भरलेला असतो. त्याला चार्जिंग लागत नाही, बॅटरी लागत नाही, स्विचही नसतो. तो वर्षानुवर्षं आपला चमकत राहतो.

यातला कुठला निवडायचा, हे ठरवताना एक प्रश्न उपयोगी पडतो: हा उजेड कुणावर अवलंबून आहे? मुंबईत जन्मलेल्या एका माणसाला हाच प्रश्न अख्ख्या देशाच्या विजेबद्दल सोडवावा लागला. नाव होमी जहांगीर भाभा. त्यांनी नाईट साईट बनवला नाही आणि ट्रिटियमही शोधला नाही. पण हा वायू जिथे पहिल्यांदा तयार झाला त्या विद्यापीठात ते तेव्हा होते, आणि तो जिथे आपोआप तयार होतो तशा अणुभट्ट्या भारतात आणायचा निर्णय त्यांचा होता. अशा दोन भट्ट्या आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत.

वडिलांची अट

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी घरातला. वडील वकील होते आणि दोराबजी टाटा नात्याने आत्याचे यजमान. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण झालं आणि १९२७ मध्ये पोरगा केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. घरच्यांचा प्लॅन पक्का होता: डिग्री घ्यायची, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं.

तिथे होमींना भौतिकशास्त्राने वेड लावलं. त्यांनी घरी पत्रं लिहून हट्ट धरला. आपल्यापैकी अनेकांनी घरी जी लढाई लढली, तीच ही लढाई. वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनिअरिंग फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग गणित शिकायचा खर्च देतो. १९३० मध्ये त्यांनी तो फर्स्ट क्लास मिळवला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला.

तेव्हाचं केंब्रिज म्हणजे अणुविज्ञानाची पंढरीच. रदरफर्ड तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९३२ मध्ये चॅडविक यांनी तिथेच न्यूट्रॉन शोधला. १९३४ मध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी जड हायड्रोजनवर जड हायड्रोजनचेच कण आदळवले आणि हायड्रोजनचा तिसरा, आणखी जड भाऊ हाती लागला. हाच ट्रिटियम. भाभा तेव्हा तिथेच संशोधन करत होते. त्यांचा विषय मात्र वेगळा होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं, याचं गणित त्यांनी मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी अंतराळातून येणाऱ्या किरणांचा वातावरणात कणांचा पाऊस कसा पडतो, ते समजावून सांगितलं.

सुट्टीवर आले ते इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथल्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते सी. व्ही. रामन. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परदेशात त्यांना कुणीही नोकरी दिली असती. पण १९४४ मध्येच त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून इथे मूलभूत संशोधनाची संस्था काढायची योजना मांडली होती. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्र उभं राहू लागलं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे अप्सरा ही भट्टी चालू झाली. तिचा गाभा पाण्याच्या टाकीत बुडालेला असायचा आणि चालू असताना पाण्यात निळसर उजेड दिसायचा. भट्टी भारतीय इंजिनिअरांनी बांधली होती, इंधन मात्र ब्रिटनचं होतं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठीही एक गोष्ट: भारतात घडवलेला सुरुवातीचा डिजिटल कॉम्प्युटर, टीआयएफआरएसी, भाभांच्याच संस्थेत १९६० मध्ये कामाला लागला.

माणूस नुसता आकडेमोडीचा नव्हता. चित्रं काढायचा, पाश्चात्त्य संगीतात रमायचा. इमारती आणि बागांची आखणी स्वतः लक्ष घालून करायचा.

एकाच वर्षात दोन रस्ते

आता मुद्द्याची गोष्ट. अणुभट्टीला युरेनियम लागतं. ते दोन प्रकारे वापरता येतं. पहिला प्रकार समृद्ध युरेनियमचा. त्यावर आधी महागडी प्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा ती मोजक्याच देशांच्या हातात होती. भट्टी मात्र साध्या पाण्यावर चालते. दुसरा प्रकार खाणीतून निघतं तसं नैसर्गिक युरेनियम. त्याला समृद्ध करायची गरज नाही, पण भट्टीत जड पाणी लागतं. जड पाणी म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड आहे असं पाणी. ते वेगळं काढणं कठीण, पण जमण्यासारखं. १९६२ मध्ये पंजाबात नांगलला त्याचा कारखाना सुरूही झाला.

१९६३ मध्ये भारताने दोन्ही रस्ते धरले. तारापूरसाठी अमेरिकेशी करार झाला: समृद्ध युरेनियम, तयार तंत्रज्ञान, लवकर वीज. राजस्थानात रावतभाट्यासाठी कॅनडाशी करार झाला: नैसर्गिक युरेनियम, जड पाणी, जास्त मेहनत. भाभांना देशाची दूरची वाट दुसऱ्या रस्त्याने न्यायची होती. पुढे त्यातून केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं थोरियम वापरण्यापर्यंत जायचं, असा त्यांचा तीन टप्प्यांचा आराखडा होता.

यातलं काहीच त्यांना पाहायला मिळालं नाही. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर कोसळलं. त्यात भाभा गेले. वय छप्पन्न.

तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि बाहेरची मदत आटली. कॅनडा निघून गेला, अमेरिकेने पुढे इंधन थांबवलं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना इंधनासाठी फ्रान्सकडे आणि नंतर इतरांकडे जावं लागलं. रावतभाट्याची दुसरी भट्टी मात्र भारतीय इंजिनिअरांनी स्वतः पूर्ण केली, कारण त्या रस्त्यावरचं बरंचसं सामान इथे बनवता येत होतं. त्याच घराण्यातल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या २००५-०६ मध्ये तारापूरलाच उभ्या राहिल्या, तीन आणि चार नंबरच्या.

याची किंमतही इथल्याच लोकांनी मोजली. त्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. आणि ज्या जिल्ह्यात अणुवीज तयार होते, त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर विजेची तार फार उशिरा पोचली. वीज स्वतःची असणं आणि ती घराघरात पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग ठिपक्याचं काय?

भट्टीत फिरणारा न्यूट्रॉन जड पाण्यातल्या हायड्रोजनने गिळला की ट्रिटियम तयार होतो. कॅनडात अशाच भट्ट्यांच्या जड पाण्यातून तो वेगळा काढून विकला जातो. काचेच्या नळीत भरल्यावर त्यातून सतत इलेक्ट्रॉन सुटतात. ते नळीच्या आतल्या लेपावर आदळतात आणि लेप काजव्यासारखा थंड उजेड देतो. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की काचेबाहेर येत नाहीत आणि कातडीही भेदत नाहीत. पण नळी फुटली तर वायू श्वासातून आत जाऊ शकतो. म्हणून साईट उघडून बघायचा उद्योग करायचा नाही.

निवडताना पहिली गोष्ट बघायची ती बनवल्याची तारीख. ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मा होतो, तसा उजेडही घटतो. दुकानात पाच वर्षं पडून राहिलेला साईट पाच वर्षं म्हाताराच असतो. हिरवा रंग घेतलेला बरा, कारण अंधारात डोळ्याला तो जास्त उजळ दिसतो. पुढचा ठिपका मागच्या दोघांपेक्षा ठळक हवा, नाहीतर घाईत गोंधळ होतो. रेड डॉट घेतला तरी बॅटरी संपेल त्या दिवसासाठी साधे साईट खाली असू द्यावेत.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे ही निवड बहुतेकांना गेममध्येच करायची आहे. पण ज्यांच्या हातात खरं पिस्तूल असतं त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नाईट साईट फक्त आपली नळी कुठे रोखली आहे ते सांगतो. समोर कोण उभं आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी टॉर्चच लागतो, आणि तो आधी लावायचा.