डॉ. बाबासाहेब आंबेडकर : परदेशातील विद्यार्थिदशा

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि दलितांचे उद्धारकर्ते म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र मराठी वाचकास सुपरिचित आहे. प्रस्तुत लेखात त्या समग्र चरित्राचा आढावा घेण्याचा मानस नाही. न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्यांनी विद्यार्थी म्हणून जी वर्षे काढली, तेवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे. बडोद्याच्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात हा विषय घेण्यास कारणही तसेच आहे. त्या शिक्षणाचा पहिला पैसा बडोद्याच्या खजिन्यातून गेला. आणि त्या शिक्षणाची सर्वांत कठोर परीक्षा झाली तीही आपल्याच शहरात.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरनजीकच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबवडे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि मुलांच्या अभ्यासाविषयी विलक्षण दक्ष होते. मुंबईत शिकत असताना घरातील गर्दीतून सुटका म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्याव्यासंगी गृहस्थांची त्यांच्यावर दृष्टी पडली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला हेरावे, असाच हा प्रकार होता. ग्रंथालयात आयुष्य घालविलेल्या मंडळींना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

बी. ए. होऊन जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या दुखण्याची तार आली आणि २ फेब्रुवारी रोजी रामजींचे निधन झाले. याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचा विचार करीत होते. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. अमेरिकेशी बडोद्याचे विद्येचे देणेघेणे त्याआधीच जुळलेले होते. संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविण्यासाठी महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले होते. १९१३ साली बॉर्डन आपले काम आटोपून परतले आणि त्याच वर्षी बडोद्याचा हा विद्यार्थी अमेरिकेस निघाला.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवेना म्हणून कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीत होता. हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला आणि अडीअडचणीच्या वेळी अक्षरशः कामास आला, हे पुढे येईलच.

नव्या जगाची मोहिनी या तरुणावरही सुरुवातीला पडली असल्यास नवल नाही. एकत्र जेवण, एकत्र वर्ग, कोणी जात विचारीत नाही, हा अनुभव त्यांना जन्मात प्रथमच येत होता. परंतु मुदत तीन वर्षांची आहे, याचे भान त्यांना लवकरच आले असावे. त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद पाहिली म्हणजे मन थक्क होते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्राथमिक अभ्यास. एका पदवीसाठी इतक्या विषयांची गरज नसते. मिळालेल्या अवधीत मिळेल तेवढे वेचून घ्यावे, पुन्हा ही संधी आपल्यालाच काय, आपल्या समाजातील कोणालाही केव्हा मिळेल कोण जाणे, अशा हिशेबाने हा विद्यार्थी वर्गात बसत असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गुरूही थोर लाभले. राजस्वशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स रॉबिन्सन व जेम्स शॉटवेल ही त्या काळची मोठी नावे. ड्यूईंच्या विचारांचा ठसा बाबासाहेबांच्या लेखनावर अखेरपर्यंत दिसतो. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याच्या रूढीत या संस्थेचे मूळ आहे, हा त्याचा गाभा. पुढल्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. ज्या संस्थेचे चटके लहानपणापासून सोसले, तिच्याकडे पंचविशीतील तरुणाने शास्त्राच्या अलिप्ततेने पाहावे, यात केवढा संयम आहे! त्याच वर्षी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील त्यांचा प्रबंध पीएच. डी.साठी मान्य झाला. मात्र प्रबंध छापून प्रती दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे, आणि छपाईला पैसा नव्हता.

पोटाला चिमटा घेऊन घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे आणि उरेल त्यात जुनी पुस्तके घ्यायची, हा न्यूयॉर्कमधील क्रम होता. रद्दीच्या दुकानांतून जमविलेल्या ग्रंथांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती, असे चरित्रकार सांगतात. मागाहून पाठविण्यासाठी ती एका परिचिताच्या हवाली केली गेली, पण सगळी काही हिंदुस्थानात पोहोचली नाहीत.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथेही त्यांनी नाव घातले. लंडनमध्ये जम बसतो न बसतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानने परत बोलाविले. लंडन विद्यापीठाने मोठ्या उदारपणे चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. १९१७ चा तो उन्हाळा महायुद्धाचा होता. सामान एका बोटीवर आणि ते स्वतः दुसऱ्या, असा प्रवास ठरला. सामानाची बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली. ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा बडोद्याला जाण्यापुरते पैसेही जवळ नव्हते. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच ते सप्टेंबरमध्ये करार पाळण्यासाठी येथे आले.

यापुढचा भाग बडोदेकराने मान खाली घालूनच वाचावा लागतो. कोलंबियाचा एम. ए. झालेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. रोजचे दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेली, विजेचा दिवा नाही. कंदिलाच्या उजेडात ते पुस्तक घेऊन बसत. परदेशातील वर्षांत आपल्या अस्पृश्यतेची जाणीवच मनातून पुसली गेली होती आणि बडोदे स्टेशनवर उतरताच ती परत आली, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कचेरीत हाताखालच्या शिपायांनी दुरून कागद टाकावेत, हेही घडले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. दोन स्नेह्यांकडे, एक हिंदू व एक ख्रिस्ती, आसरा मागून पाहिला. दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. त्या बागेतील ही जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

सयाजीराव महाराज स्वतः याबाबत उदार होते, यात शंका नाही. पण राजाची आज्ञा खजिन्यात चालते, खाणावळीत चालत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थानला आपल्या शिष्यासाठी एक खोली मिळवून देता आली नाही, आणि दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला.

मुंबईस आल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. परळच्या चाळीत दोन खोल्यांत संसार करून ते लंडनसाठी पैसे शिल्लक टाकीत होते, कारण चार वर्षांची सवलत संपत चालली होती. त्या शिलकीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीची आणि नवल भथेनांकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची भर घालून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा विलायतेस निघाले. तत्पूर्वी त्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले होते.

लंडनचे हे दुसरे पर्व म्हणजे ग्रंथालयातील तपश्चर्याच होय. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडण्याच्या वेळी हजर आणि बंद होताना बाहेर, हा रोजचा नेम. मधल्या जेवणाचा वेळ व पैसा दोन्ही वाचवायचे. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील सरकारी अहवाल आणि हिशेबांची दप्तरेही त्यांनी पिंजून काढली. सकाळी पावाचा तुकडा आणि एक कप पेय, रात्री तेवढेच. फार भूक लागली की एका देशबांधवाने दिलेले पापड रात्री पत्र्यावर भाजून खावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. उत्तर लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे.

जून १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेत प्रवेशाचा अर्ज केला होता. कोलंबियातले ते प्राथमिक धडे असे उपयोगी पडले. बॉनचा अभ्यास मात्र तडीस गेला नाही. १९२२ साली बॅरिस्टरीची सनद मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर त्यात कठोर टीका होती. परीक्षकांनी तो फेरफारांसाठी परत केला. पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुंबईस परतावे लागले. तेथून दुरुस्त प्रबंध पाठविला आणि वर्षअखेर पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी छापील ग्रंथास प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणी सांगितले. गुरुशिष्यांचे असे नाते आपल्याकडे दुर्मीळच.

कोलंबियाची पीएच. डी. अद्याप बाकी होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक राजस्वाच्या विकासावरील ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. त्यानंतर १९२७ साली पदवी पदरात पडली. बडोद्याच्या करारावर सही होऊन तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. हा ग्रंथ बाबासाहेबांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. धर्मशाळेतील ते अकरा दिवस मध्ये होऊन गेल्यावरचे हे अर्पण आहे, हे लक्षात ठेवून ते पान पाहावे.

दादरला ‘राजगृह’ बांधताना त्यांनी प्रथम विचार केला तो पुस्तकांच्या जागेचा. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळाव्यात, म्हणून निवेदन सादर केले. आणि पुढील काही वर्षांत असे विद्यार्थी विलायतेस व अमेरिकेस रवाना झाले. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय एल्‌एल. डी. पदवी दिली. ती स्वीकारण्यासाठी ते स्वतः न्यूयॉर्कला गेले होते.