टाकीवरचा दिवा आणि सी. व्ही. रामन

समुद्र निळा का दिसतो? दहापैकी आठ जण सांगतील, आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. आमच्या वर्गातही हेच उत्तर चालायचं आणि पूर्ण मार्क मिळायचे. गंमत म्हणजे हेच उत्तर लॉर्ड रॅले यांच्यासारख्या नोबेलविजेत्यानेही दिलं होतं. ते खोडून काढलं एका भारतीय माणसाने, बोटीच्या डेकवर उभं राहून, खिशात मावेल अशा प्रिझमने. त्या माणसाचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

आता तुम्ही म्हणाल, तेरखेड्याच्या मुलीला समुद्राशी काय देणंघेणं? बरोबर आहे. आमचं गाव ओळखलं जातं ते फटाक्यांच्या कारखान्यांसाठी, आणि समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पण पुण्यातल्या माझ्या मावसभावाला घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं वेड लागलंय. टाकी आली, मीठ आलं, पंप आला आणि सगळं अडलं दिव्यापाशी. दुकानदार म्हणतो निळाच घे, मावशी म्हणते घरात असला भुताटकीचा उजेड नको, साधी ट्यूब लाव. या भांडणाचा निकाल लावायला म्हणून मी वाचायला बसले आणि पोचले थेट रामन यांच्याकडे.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि फिजिक्स शिकवायचे. त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि रामन यांचं बालपण समुद्राकाठी गेलं. अकराव्या वर्षी मॅट्रिक! आपण त्या वयात सहावीत असतो. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १९०४ मध्ये बी.ए., पहिल्या नंबराने. एम.ए. व्हायच्या आधीच, १९०६ मध्ये, त्यांचा प्रकाशावरचा पहिला पेपर लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. विलायतेला जायचं ठरत होतं, पण प्रकृती इतकी नाजूक की सिव्हिल सर्जनने तिथली हवा सोसणार नाही असं सांगून टाकलं.

मग काय करायचं? त्या काळात सायन्सची नोकरी म्हणजे जवळजवळ नव्हतीच. रामन यांनी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली, तिथेही पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. गलेलठ्ठ पगार, सरकारी रुबाब. दुसरा कोणी असता तर फिजिक्सची पुस्तकं माळ्यावर टाकून मोकळा झाला असता.

पण बहूबाजार स्ट्रीटवर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये काढलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती, आणि तिची प्रयोगशाळा बहुतेक वेळ रिकामीच पडलेली असायची. रामन पहाटे तिथे जायचे, मग ऑफिस, आणि ऑफिस सुटलं की परत तिथेच रात्रीपर्यंत. सोबतीला आशुतोष डे नावाचे एक मदतनीस. मधे रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये आपल्या नागपूरलाही, पण दुसऱ्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले. १९१७ मध्ये कलकत्ता युनिव्हर्सिटीने पालित प्रोफेसरची जागा देऊ केली. पगार बराच कमी होता. त्यांनी सरकारी नोकरी सोडली. प्लेसमेंटच्या पॅकेजवर रात्र रात्र चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

१९२१ मध्ये ते पहिल्यांदा परदेशी गेले, ऑक्सफर्डला, विद्यापीठांच्या परिषदेसाठी. परतताना नारकुंडा नावाच्या बोटीवरून भूमध्य समुद्राचा तो गडद निळा रंग बघून त्यांना रॅले यांचं उत्तर पटेना. त्यांच्याजवळ एक निकॉल प्रिझम होता. पाण्यावरून ठराविक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे पोलराइझ्ड असतो, आणि निकॉल नीट फिरवला की तो जवळपास पुसून टाकता येतो. (पोलरॉइड गॉगल तेच करतो.) समुद्राचा निळा जर आकाशाचं प्रतिबिंब असेल, तर प्रतिबिंब पुसल्यावर निळाही जायला हवा. झालं उलटंच. चकाकी गेली आणि खालचा निळा आणखी गडद दिसायला लागला! म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. तरंगलांबी जितकी लहान तितकं हे विखुरणं जास्त, निळ्याचं लालच्या चौपटीहून अधिक. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांनी तिथूनच, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने, नेचर मासिकाला टिपण पाठवलं.

आज आपण त्यात एक भर घालतो. पाणी लाल प्रकाश शोषूनही घेतं. पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच लाल बराचसा संपतो, निळा मात्र खोल जातो. प्रवाळ म्हणजे कोरल वाढतात ते या उजेडात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते अन्न बनवतं आणि त्यावर कोरल जगतो. आता टाकीचा विचार करा. दोन फूट पाणी लाल प्रकाशाला फारसं अडवत नाही. समुद्रात जे काम दहा मीटर पाणी करतं, ते टाकीत दिव्यालाच करावं लागतं. म्हणून घरातली ट्यूब ६५०० केल्विनची आणि रीफचे दिवे १०,००० ते २०,००० केल्विनचे, निळसर. दुकानदार अगदीच लुटत नव्हता तर! अर्थात नुसते मासे ठेवायचे असतील तर मावशीची ट्यूबही चालते, कारण माशांना प्रकाशावर अन्न बनवायचं नसतं. आणि प्रवाळभित्ती बांधणारे कोरल २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते कोणी विकायला आणलेच, तर आधी कागदपत्रं मागावीत.

परत कलकत्त्याला येऊ. समुद्रावरचा प्रश्न रामन यांनी सोडला नाही. पाणी, बर्फ, वेगवेगळे द्रव, सगळ्यातून प्रकाश विखुरून बघायचा सपाटाच लावला. १९२३ मध्ये त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिकट, रंग बदललेला अंश दिसला. वाटलं, द्रवात काही अशुद्धी असेल, तिची ही अंधूक प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स. पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तरी तो जाईना. के. एस. कृष्णन यांच्याबरोबर त्यांनी तो चिकाटीने तपासला. तो ध्रुवीकृत निघाला, म्हणजे साधा फ्लुओरेसन्स नव्हे. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी पाऱ्याचा आर्क दिवा वापरला. या दिव्याचा प्रकाश मोजक्या रंगरेघांचा असतो. निळ्या काचेने ४३६ नॅनोमीटरची जांभळट निळी रेघ आणि तिच्या अलीकडच्याच रेघा ठेवल्या, आणि विखुरलेल्या प्रकाशात आधी नसलेल्या नव्या रेघा उमटल्या. येणारा रंग बदलला की त्याही तेवढ्याच सरकायच्या. रेणू प्रकाशाकडून थोडी ऊर्जा घेतो किंवा त्याला देतो, त्याची ही पावती. हाच रामन परिणाम. १९३० मध्ये नोबेल मिळालं, विज्ञानातलं आशियाचं पहिलं. आपण दरवर्षी विज्ञान दिनाला पोस्टर चिकटवतो तो याच तारखेला.

मला मजा वाटली ती त्या ४३६ ची. कोरलमधल्या शैवालाचं हरितद्रव्य याच्याच आसपासचा प्रकाश सर्वांत आवडीने शोषतं, आणि रीफसाठी मिळणारे रॉयल ब्लू एलईडी ४५० च्या जवळपास असतात. त्या उजेडात कोरल हिरवे-केशरी चमकतात ते मात्र रामन परिणामाने नव्हे. तो खराखुरा फ्लुओरेसन्स, ज्याच्यापासून आपला शोध वेगळा काढायला रामन यांना पाच वर्षं लागली. निळा उजेड बनवणं मुळात सोपं नाही. फटाक्यातही तांब्याचा निळा साधणं सगळ्यात अवघड, आणि झगझगीत निळा एलईडी यायलाही १९९० चं दशक उजाडलं. दिवा मिळाला तरी पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावायचा नसतो. उजेड आठवड्याआठवड्याने वाढवायचा, दिवसाला आठ-दहा तास, नाहीतर कोरल शैवाल टाकून पांढरा पडतो.

१९३३ मध्ये रामन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. इथली एक गोष्ट त्यांच्या गौरवग्रंथांत पटकन उरकली जाते, पण मी लिहिणार. मुंबईहून कमला भागवत, दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण, तिथे प्रवेश मागायला गेली. मार्क उत्तम. रामन यांनी नकार दिला, कारण ती मुलगी होती. ती हटली नाही, तेव्हा वर्षभराच्या अटींवर घेतलं. तिचं काम बघून त्यांनी नंतर मुलींना दार उघडलं हे खरं, पण प्रतिबिंब पुसून आत बघणाऱ्या माणसाला इथे एक वर्ष लागलं. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

संस्थेत वाद झाले आणि १९३७ मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं. १९४८ मध्ये स्वतःची रामन रिसर्च इन्स्टिट्यूट काढली, १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. म्हातारपणी ते शिंपले, हिरे, फुलांचे रंग यांत रमले. अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या खनिजांचा त्यांचा संग्रह पाहुण्यांना ते हौसेने दाखवायचे. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले. त्यांना संस्थेच्या आवारातच अग्नी दिला. तिथे स्मारक बांधलेलं नाही, एक झाड लावलंय, पिवळ्या फुलांचं.