पडद्यावरची सुंदरी आणि उड्या मारणारे रेडिओतरंग

हॅलिफॅक्समध्ये राहायचं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या खुणांशेजारी राहायचं. सप्टेंबर १९३९पासून इथूनच मालवाहू जहाजांचे ताफे इंग्लंडकडे निघत आणि वाटेत जर्मन पाणबुड्या दबा धरून बसलेल्या असत. सॅकव्हिल नावाची त्या काळची युद्धनौका इथे जपून ठेवली आहे. पॉइंट प्लेझंट पार्कात मोठा क्रूस आहे, त्याखाली तीन हजारांहून अधिक कॅनेडियन खलाशांची आणि सैनिकांची नावं कोरली आहेत. समुद्राखेरीज कबर नसलेली ही माणसं. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, अभ्यास करताना मला एका बाईची ओळख झाली आणि तिची गोष्ट थेट याच समुद्राशी येऊन भिडली. ती बाई म्हणजे हॉलिवूडची नटी हेडी लमार.

हेडीचा जन्म ९ नोव्हेंबर १९१४चा, व्हिएन्नातला, ज्यू घराण्यातला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई पियानो वाजवणारी. फिरायला नेताना वडील तिला यंत्रं कशी चालतात ते समजावून सांगत. पोरगी पाचेक वर्षांची असताना तिनं वाजणारी पेटी उघडून पुन्हा जोडली म्हणे! पुढे ती सिनेमात गेली आणि १९३३मध्ये फ्रिट्झ मांडल या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराशी तिचं लग्न झालं. नवरा संशयी, घर म्हणजे सोन्याचा पिंजरा. पण जेवणाच्या टेबलावर दारूगोळ्याच्या, पाणसुरुंगांच्या गप्पा चालत आणि शोभेची बाहुली समजून बसवलेली ही बायको सगळं कान देऊन ऐकत असे. १९३७मध्ये तिनं ते घर सोडलं. लंडनमध्ये तिची लुई मेयर या निर्मात्याशी गाठ पडली आणि तिनं अमेरिका गाठली. १९३८च्या ‘अल्जियर्स’ने ती रातोरात तारका झाली.

सप्टेंबर १९४०मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालं होतं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी धाडलेली ९० इंग्रज मुलं त्यावर होती आणि चालवणाऱ्यांत आपले हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने होते. १७ तारखेच्या रात्री पाणबुडीनं ते बुडवलं. त्या मुलांपैकी ७७ गेली, खलाशीही कित्येक गेले. त्यांची नावं किती जणांना ठाऊक असतील, देव जाणे.

त्याच सुमारास हेडी आणि संगीतकार जॉर्ज अँथील टॉर्पेडोच्या प्रश्नाला भिडले. टॉर्पेडोला रेडिओवरून दिशा देता येते, पण एकाच वारंवारतेवर बोलत राहिलात तर शत्रू तीच वारंवारता गोंगाटाने भरून टाकतो. मग बोलणारा आणि ऐकणारा दोघांनीही ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहिलं तर? क्रम जुळवायचा कसा, हे अँथीलला ठाऊक होतं. त्यानं आपोआप वाजणारे पियानो एकत्र वाजवण्याचे प्रयोग केले होते. तशाच भोकं पाडलेल्या कागदाच्या दोन सारख्या गुंडाळ्या, एक जहाजावर, एक टॉर्पेडोत! पियानोच्या पट्ट्या ८८, तशा वारंवारताही ८८. अशा उड्यांची कल्पना आधीही काहींना सुचली होती, पण ही जुळणी या दोघांची. ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना २२,९२,३८७ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

नौदलानं मात्र ते बाजूला ठेवलं. बाईनं युद्धरोखे विकून देशसेवा करावी, असं तिला सुचवण्यात आलं आणि तिनं तेही मनापासून केलं. १९५९मध्ये पेटंटची मुदत संपली, तोवर तिला त्यातून एक पैसा मिळाला नव्हता.

पुढे याच जातीच्या तंत्राला ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ म्हणू लागले, म्हणजे संदेश एका जागी न ठेवता रुंद पट्ट्यावर पसरवणं. लष्करानं ते लपण्यासाठी वापरलं. आम्हा हॅम मंडळींचा धर्म नेमका उलटा! आमच्या बोलण्यात काही लपवायचं नाही, कोणालाही ऐकता आलं पाहिजे. कॅनडातही गुप्त सांकेतिक भाषा आम्हाला वर्ज्य आहे. त्यामुळे शेजारच्या अमेरिकेत हौशींना हे तंत्र द्यायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. आधी खास परवानगीने प्रयोग झाले, मग १९८५मध्ये निर्णय झाला आणि १९८६पासून मुभा मिळाली. अटी मोठ्या मार्मिक आहेत. २२२ मेगाहर्ट्झच्या वरच वापरायचं, ताकद जास्तीत जास्त १० वॅट (आधी १०० होती). अर्थ दडवण्यासाठी वापरायचं नाही. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, दुसऱ्याचा झाला तर सोसायचा. अधिकाऱ्यानं सांगितलं तर सगळं प्रसारण मूळ रूपात वाचता येईल अशी नोंद ठेवायची. आणि सीमेपलीकडच्या हॅमशी बोलायचं तर त्याच्या देशाचीही तशी परवानगी हवी. चोरपावलांनी चालायला शिकवणारी विद्या, आणि तिच्या पायात घुंगरू बांधलेले!

आज तुमच्या कानातला ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतो. हेडीला मान मिळाला तो १९९७मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षाकडे झुकताना. १९ जानेवारी २००० रोजी फ्लोरिडात ती गेली. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत नाव लागलं २०१४मध्ये.

सहा लग्नं, सहा घटस्फोट, उतारवयातला एकांत. तिचं आयुष्य सुखाचं म्हणवत नाही. पण मला ती आपलीशी वाटते ती वेगळ्याच कारणाने. परक्या देशात आलं की लोक आधी चेहरा बघतात, मग उच्चार ऐकतात. डोक्यात काय आहे ते विचारायची पाळी फार उशिरा येते. इथे नव्याने आलेल्या, पदव्या पेटीत ठेवून मिळेल ते काम करणाऱ्या आपल्या मुली मी बघते, तेव्हा त्यांना हेडीची गोष्ट सांगते. आणि शेजारी बसलेल्या माणसालाही सांगते, की बाबा, तिला एकदा विचारून तर बघ, तिला काय काय येतं ते!